पियानो दुरुस्ती: औषध नंतर सांगा, आधी दोष कुठे आहे ते कसं ओळखलंत?

सुरावट (धागाकर्ती)

पियानो दुरुस्त करणारे आणि हे काम शिकणारे, अशा सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. आपल्या धंद्यातली निम्मी विद्या हातात असते आणि हातातच राहते. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी दाखवलं तेवढं आलं, उरलेलं ज्याने त्याने चाचपडत शोधलं. एकाला सापडलेली युक्ती दुसऱ्यापर्यंत पोचायला वर्षं जातात, आणि तोवर कितीतरी चांगल्या पियानोंवर नको ते प्रयोग होऊन गेलेले असतात. हे थांबावं असं मनापासून वाटतं.

एकच विनंती. "पट्टी अडकतेय, काय लावू?" याला "अमुक द्रव लावा" असं एका ओळीत उत्तर नको. दोष तिथेच आहे याची खात्री कशी केलीत ते आधी लिहा. पियानोत लक्षण एकीकडे दिसतं आणि कारण भलतीकडेच निघतं. "सूर टिकत नाही" म्हणून बोलावणं येतं, ट्यूनिंग पिना (तारांची टोकं गुंडाळलेल्या खुंट्या) मात्र घट्ट असतात आणि खोलीतली हवा रोज बदलत असते.

सुरुवात मीच करते, नेहमीच्या तक्रारीपासून: पट्टी दाबली की वर येत नाही.

अपराइट (उभा पियानो) असेल तर पुढची फळी काढा, पट्टी अडकलेली तशीच राहू द्या आणि आत बघा. व्हिपेन (पट्टीची हालचाल हॅमरपर्यंत नेणारा लाकडी दुवा) कॅपस्टनवर (पट्टीच्या मागच्या भागावरच्या, उंची बदलता येणाऱ्या बटणावर) टेकलंय, हॅमर (तारेवर आपटणारा हातोडा) चेकमध्ये (परतणारा हॅमर झेलणाऱ्या गादीत) धरलेला आहे, तरी पट्टी हलत नाही? मग दोष पट्टीत. व्हिपेन वरच राहिलंय, त्याच्यात आणि कॅपस्टनमध्ये फट आहे, आणि पट्टी बोटाने सहज वरखाली होते? मग व्हिपेनचा फ्लँज (तो ज्यावर फिरतो तो सांधा) घट्ट झालाय, पट्टीला हात लावायचं कारण नाही. पट्टी आणि व्हिपेन दोन्ही जागेवर आले पण हॅमर तारेपाशी रेंगाळतोय, तर बटचा (हॅमरच्या दांडीच्या बुडाचा) फ्लँज किंवा स्प्रिंग. आणखी एक प्रकार फार फसवा असतो: सगळं जागेवर येतं, पण तोच सूर लगेच पुन्हा वाजवला तर आवाज नाही. जॅक (बटला वर ढकलणारा तुकडा) बटखाली परतलेला नसतो. अशा वेळी बहुतेक जण जॅकच्या सेंटर पिनमागे (सांध्यातल्या बारीक पिनमागे) लागतात. त्याआधी कॅपस्टन बघा. तो गरजेपेक्षा वर असेल तर जॅकला परत शिरायला जागाच उरत नाही. कॅपस्टन किंचित खाली घेतला की सूर पुन्हा बोलायला लागतो.

दोष पट्टीतच ठरला तर तीन जागा: पुढच्या पिनचं बुशिंग (पिनभोवतीचं कापडी अस्तर), मधल्या पिनचं बुशिंग, आणि मधल्या पिनसाठी लाकडात खालून असलेलं भोक. पट्टीचं पुढचं टोक डावीउजवीकडे हलवा, केसभर खेळ हवा. मग पट्टी मधल्या पिनवर थोडी वर उचलून सोडा. आपल्या वजनाने खाली बसली तर भोक ठीक, अर्ध्यात थांबली तर भोक घट्ट. बुशिंगसाठी ईझिंग प्लायर वापरा, पण दाबायचं ते कापड, लाकूड नाही. कापड कानशीने घासू नका, एकदा गेलेलं परत येत नाही.

आणि एक महत्त्वाचं. एकाच वेळी खूप पट्ट्या अडकायला लागल्या असतील तर प्लायर पेटीतच ठेवा. लाकूड आणि कापड दोन्ही ओलावा पिऊन फुगलेत. आधी खोली कोरडी करा. फुगलेल्या अवस्थेत सगळ्या पट्ट्या सैल करून ठेवल्या तर कोरड्या दिवसांत त्याच पट्ट्या खडखडतात, आणि मग सगळं बुशिंग बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

जुनी_पट्टी

धागा फार गरजेचा होता, सुरावटताई. पट्टीबद्दल दोन गोष्टींची भर घालतो.

पुढच्या रेलच्या पिना बऱ्याच पियानोंत अंडाकृती असतात. बुशिंग झिजलं की कोणीतरी कापड न बदलता पिन थोडी फिरवून खेळ काढून टाकतो. तेवढ्यापुरतं भागतं. पण मग पिनची कड कापडात रुतते आणि पट्टी एका बाजूला घासत चालते. अडकणारी पट्टी काढलीत की आधी पिनकडे वरून बघा. शेजारच्या पिनांच्या रांगेत ती तिरकी दिसली तर तिला सरळ करा आणि बुशिंग नवं घाला. नवं कापड घालताना प्राण्यांच्या कातड्यापासूनचा गरम सरसच वापरा. पुढच्या माणसाला वाफेने ते कापड सोडवता येतं. घट्ट धरणाऱ्या आधुनिक गोंदाने चिकटवलेलं कापड काढताना लाकडाच्या सालपट्या निघतात.

दुसरी गोष्ट, पट्टीच्या बाजूला बसवलेल्या शिशाच्या गोळ्या. जुन्या पियानोत शिसं गंजून पांढरी भुकटी धरतं आणि फुगतं. फुगलेलं शिसं लाकडाच्या बाहेर येऊन शेजारच्या पट्टीला घासतं, कधी लाकडाला चीरही पाडतं. दोन शेजारच्या पट्ट्या एकमेकींबरोबर खाली जात असतील आणि बुशिंगमध्ये काही सापडत नसेल, तर दोन्ही काढून बाजू तपासा. ती भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. मास्क लावून ओल्या कागदाने पुसा आणि तो कागद वेगळा बांधून टाका.

ताणतार

+१. फ्लँजबद्दल लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त नासधूस होते.

घट्ट झालेल्या फ्लँजवर घरातल्या सांध्याबिजागऱ्यांचं तेल फवारलेले पियानो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. मग तेल कापडात धूळ धरतं, घट्ट होतं, आणि शेजारच्या फेल्टमध्ये, तारांवर, वाईट नशीब असेल तर पिनब्लॉकपर्यंत (ट्यूनिंग पिना ठोकलेल्या लाकडापर्यंत) पसरतं. पिनब्लॉकमध्ये तेल गेलं की त्या लाकडाची पकड गेलीच.

घट्टपणा मोजायची साधी रीत: ग्रँडच्या (आडव्या पियानोच्या) हॅमर-शँकचा (हॅमरच्या दांडीचा) फ्लँज धरून हॅमर लोंबकळू द्या आणि झुलवा. साधारण ५ ते ७ झोके घेऊन थांबला तर घर्षण ठीक. दोन-तीन झोक्यांतच थांबला तर घट्ट. दहा-बारा झोके घेत राहिला तर सैल. सैल फ्लँजचा हॅमर बाजूला डुलतो आणि सूर पातळ लागतो, तरी तिकडे कोणी बघत नाही, सगळे घट्टपणाच्याच मागे.

फक्त ओलाव्याने घट्ट झालेलं सेंटर असेल तर अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाचा एक थेंब बुशिंगच्या दोन्ही बाजूंना द्या. कापड आधी फुगतं, मध्ये पिन असल्यामुळे त्याच जागी दाबलं जातं, आणि सुकल्यावर आधीपेक्षा जरा मोकळं होतं. पूर्ण सुकेपर्यंत निकाल ठरवू नका. ओलं असताना ते आणखी घट्टच लागणार. पिनवर हिरवट गंज धरला असेल तर मात्र थेंबाचा उपयोग नाही, ती पिन काढायचीच.

नवी पिन घालताना मापाचा अंदाज हाताने घेऊ नका. २० नंबरची सेंटर पिन ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी. अर्ध्या नंबराने ०.००१ इंचाचा फरक पडतो. एवढ्याशा फरकाने झोके निम्म्यावर येतात. म्हणून रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवण्याआधी अर्धा नंबर लहान-मोठी पिन घालून बघा. पुष्कळदा रीमरची गरजच लागत नाही.

नवशिका

धागा वाचतोय, वाखूसा (वाचनखूण साठवली). एक अडचण विचारू का? एका अपराइटमध्ये मधल्या सप्तकात एकच सूर वाजवला की आतून झर्रर्र असा बारीक आवाज येतो. शेजारचे सूर स्वच्छ आहेत. तार बदलावी का?

सुरावट

नवशिका, तार बदलायची घाई करू नका. झर्रर्र करणारी वस्तू तारेपासून लांब असण्याची शक्यता जास्त. एका विशिष्ट सुराला एखादी सैल वस्तू कंप पावते, म्हणून तो आवाज त्या एकाच सुराला येतो.

दोन माणसं लागतील. एकाने तो सूर त्याच जोराने पुन्हा पुन्हा वाजवायचा, दुसऱ्याने तळहाताने एकेक जागा दाबत जायचं: वरचं झाकण, बिजागऱ्यांच्या पिना, कुलपाची पट्टी, पुढच्या फळीच्या खिट्ट्या, नोटेशन ठेवायची फळी, मागून साउंडबोर्डच्या (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीच्या) आधारपट्ट्या. हात ठेवल्याबरोबर आवाज थांबला की जागा सापडली. आणि हे सगळं करण्याआधी पियानोवरच्या आणि खोलीतल्या वस्तू बघा. भिंतीवरची तसबीर, खिडकीची काच, शेजारच्या कपाटाची किल्ली, यांनी अनेकांना तासन्तास फिरवलंय.

जुनी_पट्टी

नवशिका, खालच्या पेडलची फळी काढून साउंडबोर्डच्या तळाशीही बघा. नाणी, पेन्सिली, टाचण्या तिथेच जाऊन बसतात. ब्रिजला (तारांचा कंप साउंडबोर्डला देणाऱ्या लाकडाला) तडा असेल किंवा साउंडबोर्डची मागची पट्टी सुटली असेल तर आवाज एका सुरापुरता राहत नाही, शेजारच्या दोन-तीन सुरांना तरी थोडा येतोच. तुमचा एकाच सुरापुरता आहे म्हणून मी आधी सैल वस्तूच शोधली असती.

खुंटीवाला

आता माझा विषय: सैल ट्यूनिंग पिना.

आधी खात्री. सूर उतरला म्हणजे पिन सैल, असं नाही. लिव्हर (पिन फिरवायचा पाना) लावा, सूर थोडा वर घ्या, लिव्हर सोडा आणि ऐका. पिन डोळ्यादेखत मागे फिरली आणि सूर लगेच पडला तर पिन सैल. सूर टिकला, पण काही आठवड्यांनी पूर्ण पियानो एकसारखा उतरला, तर हवा. फक्त काही तारा उतरल्या आणि त्या नव्या असतील, तर तारेचा ताण अजून बसायचाय. एका पियानोत साधारण २३० तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. तो सगळा ताण शेवटी लाकडात ठोकलेल्या पिनांच्या घर्षणावर टिकलेला असतो. म्हणून पिनब्लॉकशी खेळ नको.

पिनब्लॉक शाबूत असेल आणि पिना थोड्या सैल असतील तर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद (साध्या भाषेत सुपरग्लू, पण पाण्यासारखा पातळ) पिनच्या बुडाशी थेंब-थेंब सोडायचा. तो फटीतून आत ओढला जातो. लाकूड पिणं थांबवेपर्यंत, मध्ये वेळ देत, थेंब द्या. त्या दिवशी लिव्हर लावू नका, दुसऱ्या दिवशी तपासा.

काळजी कुठे घ्यायची ते नीट वाचा. ग्रँडमध्ये आधी अ‍ॅक्शन (पट्ट्या-हॅमरची यंत्रणा) पूर्ण बाहेर काढा. पिनब्लॉकच्या खालून थेंब गळतात, आणि पट्ट्यांवर किंवा हॅमरवर पडले तर काम दहापट वाढतं. अ‍ॅक्शन काढल्यावर खाली प्लॅस्टिक आणि वर कागद अंथरा. अपराइट पाठीवर झोपवता आला तर गोंद सरळ खाली उतरतो, पण ते योग्य साधनाने आणि दोघांनीच करायचं, एकट्याने कधीच नाही. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. सुती मोजे किंवा सुती फडकं अजिबात नको: हा गोंद सुती कापडावर सांडला की चटका बसण्याइतका तापतो.

जुनी_पट्टी

खुंटीवाला, तुमची काळजीची यादी उत्तम, पण उपायाला माझा आक्षेप आहे. गोंद हा तात्पुरता इलाज आहे. चांगल्या वाद्याला एक-दोन नंबर मोठी पिन हीच योग्य दुरुस्ती. भोकात नवं लाकूड पकडतं, पिन सरळ फिरते आणि लिव्हरला तिचा प्रतिसाद कळतो. गोंद दिलेल्या पिना काही ठिकाणी आधी कडक लागतात आणि मग झटक्याने फिरतात. बारीक सूर लावताना हा झटका फार त्रास देतो.

खुंटीवाला

झटक्याबद्दल तुमचं म्हणणं पटतं, काही पियानोंत तसं होतं. पण मोठी पिन घालायची म्हणजे तार सोडायची, वेटोळं काढायचं, जुनी गंजलेली तार पुन्हा वाकवायची. पन्नास-साठ पिना सैल असतील तर त्यांतल्या किती तारा तुटतील? वाद्य सरावापुरतं असेल आणि तारा जुन्या असतील तर गोंद हाच शहाणपणाचा मार्ग. मैफलीच्या ग्रँडला मी तो सुचवणार नाही. तिथे पिनब्लॉकच बघायला हवा.

आणि मोठ्या पिना घालणाऱ्या सगळ्यांना एक सांगायचंय: ग्रँडमध्ये पिन ठोकताना पिनब्लॉकला खालून जॅकचा (ओझं पेलणाऱ्या जॅकचा, हॅमरखालच्या नव्हे) आधार द्याच. आधाराशिवाय ठोकलं तर ब्लॉकचे थर सुटू शकतात, आणि मग गोंद काय, मोठी पिन काय, काहीच धरत नाही.

ताणतार

दोघांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: या ब्लॉकला पूर्वी कोणी ग्लिसरीनचं औषध पाजलंय का? पिनांभोवती लाकूड काळपट, चिकट दिसतं. ग्लिसरीन सुकत नाही, हवेतला ओलावा ओढत राहतं. असा ब्लॉक दिसला तर मी कुठल्याही उपायाची खात्री देत नाही, हे मालकाला आधीच सांगतो.

सुरावट

असेच प्रतिसाद हवे होते. मतभेद राहू द्या, दोन्ही बाजूंनी "कुठल्या पियानोला" हे लिहिलं म्हणजे वाचणाऱ्याला ठरवता येतं.

एक दोष आणखी मांडते. तीन तारांचा सूर मिळवताना दोन तारा छान मिळतात, तिसरी काही केल्या स्थिर होत नाही. तिला एकटीला वाजवली तरी आत हलकी लहर ऐकू येते. या खोट्या बीट्स (लहरी). पिन पुढे-मागे करून त्या कधीच जात नाहीत, उलट पिन सैल होते. इतर दोन तारा म्यूट करा, लहरणारी तार वाजवा, आणि ती वाजत असतानाच ब्रिजवरच्या तिच्या पिनला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने बाजूने हलकेच रेटा. लहर थांबली, सूर एकदम सरळ झाला, तर ब्रिजची पिन लाकडात सैल आहे. रेटा काढला की लहर परत येते, म्हणजे शंकाच उरत नाही. उपाय तसा छोटा: पिनच्या बुडाशी पातळ गोंदाचा एक बारीक थेंब, किंवा पिन काढून पुन्हा नीट बसवणं. वरच्या सप्तकांत हे फार सापडतं. "वरचे सूर कधीच नीट लागत नाहीत" ही तक्रार बऱ्याचदा याचीच असते.

मधला_सा

ट्यूनिंगच्या अ‍ॅपबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. नव्या लोकांमध्ये दोन टोकं दिसतात: एक म्हणतो अ‍ॅपशिवाय होत नाही, दुसरा म्हणतो कानाशिवाय काही खरं नाही. दोघेही आपलं अर्धं हत्यार घरी ठेवून येतात.

पियानोची तार आदर्श तार नसते. ती कडक असते, म्हणून तिचे वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर वाजणारे बारीक वरचे सूर) गणितापेक्षा थोडे चढे असतात. म्हणून चांगला लागलेला पियानो वर थोडा चढा आणि खाली थोडा उतरा लागतो. रेल्सबॅकने १९३८ मध्ये हा ताणलेला आलेख मांडला, म्हणून त्याला रेल्सबॅक वक्र म्हणतात. छोट्या पियानोच्या आखूड, जाड तारांत हा फरक जास्त, मोठ्या ग्रँडमध्ये कमी. साधा क्रोमॅटिक ट्यूनर हे काहीच बघत नाही, प्रत्येक सूर कागदावरच्या जागी बसवतो, आणि पियानो वर निस्तेज आणि खाली गढूळ वाजतो. पियानोसाठीच बनवलेलं अ‍ॅप, उदाहरणार्थ ट्यूनलॅब, तारांचे स्वरांश मोजून त्या वाद्याचा ताण ठरवतं. त्याचा मोठा फायदा होतो, विशेषतः गोंगाट असलेल्या जागी.

पण कानाची परीक्षा शिकायलाच हवी, नाहीतर अ‍ॅप चुकलं हे कळणार कसं? चौथ्या सप्तकाचा ए ४४० हर्ट्झला लावला, तर त्याखालच्या सप्तकातल्या एफ-ए या शुद्ध गांधाराच्या अंतरात सेकंदाला जवळजवळ ७ बीट्स यायला हव्यात. तिथून अर्ध्या-अर्ध्या सुराने वर सरकत जा. बीट्स हळूहळू, एकसारख्या वेगाने वाढत गेल्या पाहिजेत, आणि एका सप्तकावर वेग दुप्पट झालेला ऐकू यायला हवा. मध्येच एखादं अंतर अचानक संथ झालं किंवा घाईत धावलं, तर तिथला एक सूर चुकलाय. आकडा मोजायचा नाही, चढण ऐकायची. आणि तीन तारांचा एक सूर करणं, हे काम मी तरी कधीच पडद्यावर सोडत नाही. पडदा हिरवा दाखवतो तेव्हाही तिन्ही तारांचा मिळून सूर उघडायचा बाकी असतो, तो क्षण कानालाच कळतो.

नवशिका

झर्रर्र सापडलं! झाकणाच्या लांब बिजागरीची पिन मध्यावर सुटली होती. तळहात ठेवला आणि आवाज बंद. सगळ्यांचे मनापासून आभार.

आणखी एक विचारतो. हॅमरचा आवाज फार कडक, पत्र्यासारखा येतो. सुई मारायला (हॅमरचं फेल्ट टोचून मऊ करायला) शिकायचंय. कुठून सुरुवात करू?

जुनी_पट्टी

छान! सुईकडे शेवटी या.

आधी तिन्ही तारा नीट मिळवा, कारण न मिळालेला सूर कडकच वाटतो. मग हॅमरच्या डोक्यावर तारांच्या खाचा किती खोल आहेत ते बघा. खोल असतील तर हॅमर तारेला रुंद चपट्या भागाने भिडतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. त्यावर सुई नाही, सँडपेपरची पट्टी चालते. हॅमरच्या खांद्याकडून टोकाकडे ओढत थर काढायचा, अंड्यासारखा मूळ आकार परत आणायचा, आणि शेवटी बारीक पेपरने गुळगुळीत करायचं. टोकाचा आडवा सपाटपणा सांभाळा, नाहीतर तिन्ही तारांना हॅमर एकदम लागणार नाही. तो लागतो का हे तपासायला हॅमर हळूच वर नेऊन तारांना टेकवून धरा आणि एकेक तार छेडा. जी तार मोकळी वाजते तिला हॅमर पोचलेला नाही. तार उंच असेल तर तार समतल करायची, हॅमर तिरका असेल तर हॅमर.

एवढं झाल्यावरही आवाज कडक असेल तर सुई. सुरुवात खांद्यांवर, घड्याळात १० आणि २ वाजतात त्या जागी, मध्याच्या दिशेने. अगदी टोकावर, जिथे तार लागते तिथे, शिकताना मुळीच मारू नका. दोन-तीन टोचे, मग वाजवून ऐका. मऊ झालेला हॅमर पुन्हा कडक करता येतो, पण त्यासाठी रसायन लागतं, आणि त्या वाटेला लवकर जाऊ नये.

मधला_सा

पूर्ण सहमत. एका सुराला सुई मारून तिथेच थांबू नका. शेजारचे चार सूर त्याच जोराने वाजवून ऐका. एकटा गोड झालेला सूर रांगेत दबका वाटतो.

नवशिका

शेवटचा प्रश्न. बरीच वर्षं कोणी हात न लावलेला अपराइट आहे, जवळजवळ अर्धा सूर खाली. एकाच बैठकीत ४४० वर आणता येईल का?

ताणतार

आणता येईल की नाही हे तारा ठरवतील. आधी तारांवरचा गंज, पिनब्लॉक, ब्रिजचे तडे बघा. गंज जास्त असेल तर मालकाला स्पष्ट सांगा की तारा तुटू शकतात, आणि तो पियानो एकटाच वाजवला जाणार असेल तर आहे त्या सुरावर मिळवून देणं हाही मानाचा पर्याय आहे.

आणायचंच ठरलं तर पहिल्या फेरीत बारकाव्यात शिरू नका. ताण वाढला की साउंडबोर्ड दबतो आणि आधी लावलेले सूर खाली येतात. म्हणून मधल्या भागात जेवढा सूर खाली असेल त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका वर न्यायचा: २० सेंट खाली असेल तर ५ सेंट वर. अगदी वरच्या सप्तकांत थोडा जास्त, तांब्याच्या तारांत बराच कमी. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. तेवढं एका झेपेत न नेता दोन-तीन फेऱ्यांत न्या. प्रत्येक तार चढवण्याआधी पिन किंचित खाली फिरवून घ्या. गंजाने तार दाबपट्टीला चिकटलेली असते, ती आधी सुटते आणि तुटण्याचा धोका कमी होतो.

खुंटीवाला

तांब्याची तार तुटलीच तर फेकू नका. ती लांबी-जाडी मोजून बनवून घ्यावी लागते, आणि शेजारच्या जुन्या तारांमध्ये नवी तार वेगळीच वाजते. उघड्या पोलादी भागात, ट्यूनिंग पिनच्या बाजूला तुटली असेल तर त्याच जाडीच्या तारेचा तुकडा गाठीने जोडा. गाठ वाजणाऱ्या लांबीच्या बाहेर राहायला हवी. मायक्रोमीटरने उघड्या भागाचं माप घ्या, तांब्याच्या वेटोळ्यावरून नको. गाठ बसेपर्यंत सूर उतरत राहील, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा जायचं हे त्याच दिवशी ठरवून या.

सुरावट

नवशिका, त्याच पुढच्या भेटीत पूर्ण पियानो पुन्हा लावावा लागेल, हेही मालकाला आधी सांगा. आणि खोलीत आर्द्रतामापक ठेवून या. ४० ते ६० टक्क्यांत हवा राहिली, शक्यतो ४२ च्या आसपास, तर तुमची मेहनत टिकेल. आकडा रोज मोठ्या उड्या मारत असेल तर पियानोत आर्द्रता नियंत्रक बसवल्याशिवाय बारीक ट्यूनिंगला हात घालू नका. दमट हवेत बेसच्या ब्रिजनंतरचे पहिले सूर सगळ्यात आधी चढतात, कोरड्या हवेत तेच आधी पडतात. दुसऱ्या भेटीत पहिल्यांदा तेवढे सूर ऐका, पिना पकडतायत की हवा हलवतेय ते तिथेच कळेल.